लिलाव जिंकलो, पैसेही भरले, आता विकणारा म्हणतो कॅमेरा बिघडला. काय करू?

फिल्मवेडा (गुरुवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचत असतो, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

मला फिल्म कॅमेऱ्यांचं वेड आहे आणि गेली दोन-अडीच वर्षं मी याशिका मॅट १२४ जी च्या मागे आहे. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, एकावर एक दोन भिंगं असलेला, वरून मान खाली घालून बघायचा तो जपानी डबा, १९७० ते ८६ मध्ये बनत होता, १२० ची फिल्म लागते आणि एका रोलमध्ये मोजून १२ चौकोनी फोटो. चांगल्या अवस्थेतला हल्ली सहज मिळत नाही, मिळाला तर भाव असा की घरी खरा आकडा सांगायची सोय नाही.

तर जुन्या वस्तूंचे लिलाव होतात अशी एक साईट आहे, नाव लिहीत नाही कारण उगाच लफडं नको. तिथे मागच्या रविवारी एक लागला होता. सुरुवात ९९९ पासून, रिझर्व्ह प्राईस (याच्या खाली विकणार नाही असा विक्रेत्याचा भाव) नाही असं ठळक लिहिलेलं, वर्णनात 'एकदम टकाटक, सगळे स्पीड चालतात' (स्पीड म्हणजे शटरची पाती फिल्मवर उजेड पडायला किती वेळ उघडी राहतात ते). रात्री साडेदहाला संपणार होता, मी जेवण अर्धवट टाकून मोबाईल धरून बसलो आणि शेवटच्या मिनिटात ७,३५० ला जिंकलो. कुरिअरचे ३५० धरून ७,७०० लगेच यूपीआयने साईटला भरले. त्यांची पद्धत अशी आहे की पैसे त्यांच्याकडेच थांबतात, वस्तू आपल्याला पोचली की मग विक्रेत्याला जातात.

सोमवारी दुपारी विक्रेत्याचा चॅट आला आणि पाठोपाठ फोन. चॅट असा: "दादा सॉरी, पॅक करताना पाहिलं तर शटर अडकलंय, स्लो स्पीड चालत नाहीत." आणि फोनवर, "तुमचं नुकसान नको म्हणून सांगतोय, तुम्ही फक्त ऍपमध्ये कॅन्सल रिक्वेस्ट टाका, कारण 'माझा विचार बदलला' निवडा, पैसे दोन दिवसांत परत." मला खरंच वाटलं काय भला माणूस आहे. म्हटलं असू दे अडकलेलं, या कॅमेऱ्यांचं ग्रीस सुकतं, मी करून घेईन, आहे तसा पाठवा. तर तिकडे दोन सेकंद शांतता, मग "नको नको, माझ्या मनाला पटत नाही."

आणि काल मित्राने एका ग्रुपवरची लिंक पाठवली. तोच कॅमेरा, १६,५००, 'फुल्ली वर्किंग'. तोच कशावरून? नावाच्या पट्टीखाली डाव्या कोपऱ्यात चामडं उचललेलं आहे तसंच्या तसं, आणि एका फोटोत सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतात, जुळतात.

मी अजून कॅन्सल दाबलेलं नाही. पैसे अडकलेत. दाबू का? की भांडू? कायद्यात काही आहे का, की गिळायचं आणि गप्प बसायचं?

तिरकस

गिळ आणि गप्प बस. साडेसात हजाराच्या खोक्यासाठी कोर्टाची पायरी चढणार का? पैसे मिळतायत ना परत? मग झालं. मोबाईलमध्ये कॅमेरा असतो म्हणे हल्ली.

बझीवाला

तिरकसराव, तुम्हाला डब्याची किंमत कळणार नाही, राहू द्या.

फिल्मवेडा, आधी एक गोष्ट. कॅन्सल दाबू नका. बाकी सगळं नंतर वाचा.

मी बझी डॉट कॉमच्या जमान्यापासून या धंद्यात, म्हणजे छंदात, आहे. मुंबईत २००० साली सुरू झालेली साईट, २००४ मध्ये ईबेने घेतली, मग तिचं ईबे इंडिया झालं, पुढे फ्लिपकार्टकडे गेली आणि १४ ऑगस्ट २०१८ ला शटर खाली. तिथे पैसापे नावाचा प्रकार होता, अगदी तुमच्या साईटसारखाच, पैसे मधे थांबायचे आणि माल पोचल्यावर पुढे सरकायचे. त्यामुळे पैसे बुडण्याचं भय कमी असायचं, पण विकणाऱ्याचं मन फिरणं हा रोग तेव्हाही होताच. मी मेणबत्तीवर चालणारा जुना प्रोजेक्टर ४०० रुपयांत जिंकलो होतो, पठ्ठ्या म्हणाला आजोबा द्यायला तयार नाहीत. आजोबा लिलावाच्या आधी तयार होते, नेमके ४०० आकडा बघून फिरले.

आता कॅन्सलचं गणित समजून घ्या, सगळी मेख तिथे आहे. विकणाऱ्याने स्वतः सौदा मोडला तर तो डाग त्याच्या खात्यावर पडतो. ईबेवर अजूनही असं आहे की विकणाऱ्याने 'माल संपला' किंवा 'खराब झाला' म्हणून ऑर्डर मोडली की ती डिफेक्ट म्हणून मोजली जाते आणि हे प्रमाण २ टक्क्यांच्या वर गेलं की त्याचा दर्जा घसरतो, लिस्टिंग खाली जातात. पण 'घेणाऱ्यानेच रद्द करायला सांगितलं' असं कारण पडलं की डाग शून्य. म्हणून हे लोक फोन करून गोड बोलतात. तुमच्याकडून तो पैसे मागत नाहीये, तुमचा अंगठा मागतोय. तुम्ही एकदा 'माझा विचार बदलला' दाबलं की साईटच्या दप्तरी सौदा मोडणारे तुम्ही. नंतर कितीही बोंबला, ते स्क्रीन दाखवतील.

आणि फोन का केला? चॅटमध्ये लिहिलं तर राहतं म्हणून. शटरचं त्याने चॅटवर लिहिलं, कारण ते त्याच्या सोयीचं, कॅन्सलचं मात्र तोंडी. आता तुम्ही चॅटवर लिहा, एकदम साधं: "आपलं सोमवारी फोनवर बोलणं झालं, तुम्ही मला कारण 'विचार बदलला' निवडून रद्द करायला सांगितलंत. माझा विचार बदललेला नाही. शटर अडकलेलं असलं तरी ठरलेल्या किमतीला घ्यायला मी तयार आहे. कृपया पाठवा." शिव्या नाहीत, उपदेश नाही. आणि त्या १६,५०० च्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट आत्ता काढून ठेवा, तारीख-वेळ दिसेल असे, कारण तुमचा मेसेज वाचल्यावर ती पाच मिनिटांत उडणार.

फिल्मवेडा

धन्स काका, स्क्रीनशॉट काढले, मेसेज पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

वऱ्हाडी वकील

काकांशी १०० टक्के सहमत. कायद्याचं विचारलंय म्हणून बोलतो, फी घेत नाही म्हणून गंभीरपणे घेऊ नका.

वस्तू विक्री कायदा १९३०, कलम ६४. लिलावाचा सौदा कधी पुरा होतो, तर लिलाव करणाऱ्याने हातोडा मारून किंवा त्या धंद्यातल्या रूढ पद्धतीने पुकारलं की. तोपर्यंत बोली लावणारा मागे घेऊ शकतो. ऑनलाईनमध्ये हातोडा कुठे आहे? टायमर संपतो आणि स्क्रीनवर 'तुम्ही जिंकलात' येतं, हीच तिथली रूढ पद्धत, असं मी तरी कोर्टात म्हणेन. आयटी कायद्याचं कलम १०ए आहेच, करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो मोडीत निघत नाही. म्हणजे रविवारी साडेदहाला तुमचा सौदा झाला भाऊ. त्यानंतर 'मला परवडत नाही' हे कारण कायद्याच्या लेखी कारणच नाही.

नुकसानभरपाई किती? करार कायद्याचं कलम ७३, साधारणपणे ठरलेली किंमत आणि सौदा मोडला त्या दिवशीचा बाजारभाव यातला फरक. इथे लोक चुकतात. त्याने १६,५०० लावलेत म्हणून बाजारभाव १६,५०० होत नाही, तो त्याचा मागायचा भाव आहे. तसल्याच अवस्थेतले दोन-तीन कॅमेरे प्रत्यक्षात कितीला गेले ते दाखवावं लागेल.

ग्राहक आयोगाबद्दल: पाच लाखांपर्यंत किंमत दिलेल्या प्रकरणाला फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, ऑनलाईन दाखल होते. ऐकायला गोड आहे पण दोन खड्डे आहेत. एक, विकणारा हा धंदा करणारा आहे का घरातला एकच जुना कॅमेरा काढणारा माणूस आहे? दुसरा असेल तर त्याच्यावर ग्राहक कायदा लावताना दमछाक होते, दिवाणी कोर्ट उरतं. दोन, समोरचा वकील २००९ चा चंदीगडचा निकाल फेकेल, सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की सरकारी लिलावात भूखंड घेणारा हा ग्राहक नव्हे. ते प्रकरण जमिनीचं होतं, आहे तशी बघून घेतलेली, आपलं वेगळं आहे, पण फेकेल हे नक्की.

माझं ऐकाल तर विक्रेत्याला सोडा, साईटला धरा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साईटवर द्यावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. नाव सहसा पानाच्या पार तळाशी मुंगीच्या अक्षरात असतं. त्याला ईमेल करा, चॅटबॉटशी गप्पा मारत बसू नका. जोडीला १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला नोंदवा, फुकट आहे.

पोलिसांत जाऊ नका एवढ्यात. नुसता सौदा मोडणं म्हणजे फसवणुकीचा गुन्हा होत नाही, पहिल्यापासून लुबाडायचा हेतू होता हे दिसावं लागतं. इथे तर तो पैसे परत घ्या म्हणतोय.

तिरकस

एवढं वाचून मला तर माझीच फी द्यावीशी वाटतेय. सात हजारांसाठी कलम ६४, कलम ७३ आणि मुंगीची अक्षरं.

श्वाबेनची सून

तिरकस, इकडे जर्मनीत एका युरोसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जातात, तुम्ही काय सांगता.

मी स्टुटगार्टजवळ असते, इकडे ईबेवर जुनं सामान घेणं म्हणजे आपल्याकडचा जुना बाजारच, घरातलं निम्मं फर्निचर तिथलं आहे. इथला एक किस्सा सगळ्या लिलाववाल्यांना पाठ असतो. एकाने आपली जुनी फोक्सवागन पसाट एक युरोपासून लिलावाला लावली, रिझर्व्ह नाही. एकाने बोली लावली, त्याची कमाल मर्यादा ५५५.५५ युरो होती पण दुसरं कोणी नसल्यामुळे आकडा एकावरच होता. विकणाऱ्याला बाहेर ४,२०० देणारा भेटला म्हणून त्याने काही तासांतच लिलाव मधेच बंद केला. बोलीवाला म्हणाला, गाडी मी एका युरोत घेतली आहे. गेला कोर्टात. नोव्हेंबर २०१४ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. गाडीची किंमत ५,२५० धरली, एक युरो वजा, ५,२४९ नुकसानभरपाई. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की स्वस्तात मिळेल ही आशा हीच तर लिलावाची मजा आहे, आणि कमी किमतीपासून रिझर्व्हशिवाय सुरुवात करायची जोखीम विकणाऱ्याने स्वतः उचलली.

२०१६ चा तर अजून भारी आहे. फोक्सवागनची गोल्फ गाडी, एक युरोपासून. विकणारा स्वतःच दुसऱ्या खात्यावरून बोली वाढवत बसला, समोर एक खराखुरा माणूस, हा वाढवतो तो वाढवतो, शेवटी १७,००० ला गाडी विकणाऱ्याच्या स्वतःच्याच दुसऱ्या खात्याकडे! कोर्ट म्हणालं माणूस स्वतःशी करार करू शकत नाही, म्हणून त्याच्या सगळ्या बोल्या बाद. मग खऱ्या बोल्या उरल्या त्यात आपल्या माणसाचा आकडा भरत होता दीड युरो. गाडी नव्हती तर भरपाई १६,५०० युरो.

पण यामुळे इथे एक जमात पण तयार झाली, दिसेल तिथे एक-एक युरोची बोली लावून ठेवायची आणि कोणी लिलाव मधे बंद केला की नोटीस धाडायची. त्यांना नाव पण आहे, बंद पडलेल्या लिलावांचे शिकारी अशा अर्थाचं. हा उद्योगच आहे असं दिसलं तर दावा कायद्याचा दुरुपयोग म्हणून फेटाळला जाऊ शकतो. फिल्मवेडा त्यातले नाहीत, त्यांनी जेवण सोडून बोली लावली आहे.

तुम्ही एक तपासा. त्या लिलावात तुमच्याविरुद्ध बोली लावणारी खाती कोणती होती? नवी कोरी, त्याच एका विक्रेत्याच्या लिलावात फिरणारी असतील तर मला वाटतं गडी आकडा वर न्यायचा प्रयत्न करत होता आणि तुमच्यावर जाऊन अडकला.

वऱ्हाडी वकील

ताई, आपल्याकडे पण आहे ते. त्याच कलम ६४ मध्ये, विकणाऱ्याने खोट्या बोल्या लावून भाव चढवला तर घेणाऱ्याला सौदा रद्द करायचा हक्क आहे. पण आपल्या गड्याला रद्द करायचाच नाहीये, त्याला डबा पाहिजे, म्हणून ते कलम इथे उपयोगाचं नाही. जर्मन कोर्टासारखं 'दीड युरोत घे' आपल्याकडे कोणी म्हणेल का, मला शंका आहे.

कांगारू देशपांडे

सिडनीहून +१. इथे २००७ मध्ये यापेक्षा मोठा डबा होता, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या जातीचं विरावे विमान! ईबेवर दीड लाख डॉलर रिझर्व्ह, एकाने तेवढीच बोली लावली आणि तो जिंकला. विकणारा म्हणाला देत नाही, कारण दुसरा एक लाख जास्त द्यायला तयार होता. न्यू साऊथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टाने पैशात भरपाई न देता सरळ विमानच द्यायला लावलं, कारण तसलं विमान कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. याशिकाला एवढं लागू होणार नाही, बाजारात अजून बऱ्याच आहेत, पण ऐकायला बरं वाटतं की नाही?

आजीचं फडताळ

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, रागावू नका.

मी सांगलीची, जुनी पितळी भांडी, अडकित्ते, पानदान असलं विकते, लिलावाने पण आणि ग्रुपवर पण. ओ दादा, विकणारे सगळे चोर नसतात. मागच्या वर्षी मी एका जुन्या समईच्या जोडीची सुरुवात ४,५०० लिहायच्या ऐवजी ४५० लिहिली, दिवाळीची गडबड होती, लिलाव संपला ६१० ला. त्या रात्री मला झोप नाही. मी त्या ताईंना सकाळी फोन केला आणि सरळ सांगितलं की शून्य राहिलं, माझी खरेदीच ३,२०० ची आहे, बिल दाखवते, तुम्ही म्हणाल तसं करू. त्या म्हणाल्या सोडून द्या. मी रद्द करताना कारण माझ्यावर घेतलं, माझा स्टार गेला, गेला तर गेला. आणि त्यांना एक छोटी निरांजनाची जोडी पाठवली. आजही त्या माझ्या गिऱ्हाईक आहेत.

सांगायचं एवढंच की आमचं चुकलं तर पहिल्या फोनला खरं बोललं की माणसं ऐकतात. शटर अडकलं, आजोबा नको म्हणतात, भाच्याने फोडलं, हे ऐकलं की मलाच चीड येते, कारण यांच्यामुळे गिऱ्हाईक आमच्याकडे पण संशयाने बघतं. आणि ज्याला ७,३५० ला द्यायचंच नव्हतं त्याने ९९९ पासून रिझर्व्ह न ठेवता का लावलं? मी सांगते का. रिझर्व्ह ठेवला की बोली लावायला माणसं येत नाहीत. कमी आकडा दिसला की गर्दी होते. गर्दी पाहिजे पण गर्दीने ठरवलेला भाव नको, असं कसं चालेल.

वऱ्हाडी वकील

ताई, तुमच्या समईवाल्या बाईंनी ऐकलं हा त्यांचा मोठेपणा. एकाच बाजूची चूक असेल तर करार कायदा कलम २२ प्रमाणे तेवढ्याने करार मोडत नाही. अर्थात ४५० ला समया मिळतायत हे बघून घेणाऱ्याला पण कळायला पाहिजे की काहीतरी गडबड आहे, तिथे वाद होऊ शकतो.

सावध_सावंत

एक वेगळा मुद्दा. आता हा माणूस कदाचित म्हणेल की साईटचं रिफंड उशिरा येतं, मी तुम्हाला डायरेक्ट देतो, हा क्यूआर स्कॅन करा. करू नका. पैसे यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे आपले जातात. माझ्या मेहुण्याचे अशाच 'रिफंड'मध्ये ९,००० गेले, सोफा विकताना. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करायचा, जितका उशीर तितकं मिळणं कठीण. आणि पुढच्या वेळी क्रेडिट कार्डने भरता आलं तर कार्डने भरा, वस्तू आली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत वळवून, मागता येतो, यूपीआयने एकदा गेले की तेवढी सोय नाही.

फिल्मवेडा (सोमवार)

सगळ्यांचे आभार, काय एकेक माणसं आहात.

थोडी प्रगती. त्या सूनबाईंच्या सांगण्यावरून बोल्यांची यादी बघितली. माझ्याविरुद्ध शेवटपर्यंत एकच खातं होतं, ४,००० पासून ७,२५० पर्यंत तेच. त्या खात्याने आजवर फक्त याच विक्रेत्याच्या सहा लिलावांत बोली लावली आहे आणि एकदाही जिंकलेलं नाही. सिद्ध काय करणार, पण मी स्क्रीनशॉट काढला.

तक्रार अधिकाऱ्याचं नाव खरंच मुंगीच्या अक्षरात सापडलं. ईमेलमध्ये लिलावाचं पान, चॅट, माझा तो मेसेज, १६,५०० ची जाहिरात आणि ही यादी, सगळं जोडलं आणि शेवटी फक्त दोन मागण्या लिहिल्या: एक, ठरलेल्या किमतीला कॅमेरा पाठवायला सांगा. दोन, ते जमत नसेल तर पैसे परत करा पण रद्द करण्याचं कारण विक्रेता असं नोंदवा. पोच दुसऱ्या दिवशी आली.

आणि आज सकाळी विक्रेते साहेबांचा परत फोन. सूर एकदम वेगळा. "दादा, एवढ्या लहान गोष्टीला कुठे तक्रारी करता, मी शटर रिपेअर करून घेतलंय, त्याचा खर्च आला, ११,००० ला देऊन टाकतो, तुम्हाला म्हणून." मी म्हटलं चॅटवर लिहा. फोन कट.

बझीवाला

हा हा हा. चॅटवर लिहा! पोरगं शिकलं.

पूर्वी खरं लिहायची सोय पण नव्हती हो. २००८ च्या आधी ईबेवर विकणाऱ्याला घेणाऱ्याबद्दल वाईट फीडबॅक देता यायचा, त्यामुळे आपण खरं लिहिलं की तो बदल्यात आपल्याला काळं फासायचा, म्हणून सगळे 'ग्रेट सेलर ए प्लस' लिहून मोकळे व्हायचे. त्या वर्षी त्यांनी ते बंद केलं, विकणारे खवळले होते तेव्हा. तुमच्या साईटवर सौदा मोडल्यावरही फीडबॅक देता येतो का बघा. येत असेल तर आत्ता देऊ नका. ती पत्ती हातात ठेवा.

तिरकस

मला आता खरंच उत्सुकता लागलीये. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पुढे काय झालं ते टाक रे.

फिल्मवेडा (तीन आठवड्यांनी)

उशीर झाला लिहायला, वाट बघणाऱ्यांची माफी. तिरकसराव, तुमचे पॉपकॉर्न संपले असतील.

साईटने त्याला काय सांगितलं ते मला दाखवलं नाही, मला फक्त एवढाच ईमेल आला की विक्रेत्याला पाठवण्यासाठी पाच दिवसांची मुदत दिली आहे, अन्यथा रद्द करण्याची नोंद त्याच्या नावावर होईल आणि त्याचे चालू लिलाव थांबवले जातील. त्याचे तेव्हा चौदा लिलाव चालू होते, माझ्या मते शटर तिथे सुटलं. चौथ्या दिवशी ट्रॅकिंग नंबर आला. सातव्या दिवशी खोकं.

खोकं उघडताना व्हिडिओ काढला, आत वीट असेल अशी माझी नव्वद टक्के खात्री होती. वीट नव्हती. जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेला कॅमेरा, चामड्याचा उचललेला कोपरा, सिरीयल नंबर, सगळं तेच. झाकण उघडलं, पडद्यावर समोरचं घर डावं-उजवं उलटं दिसलं आणि मी खरंच पाच मिनिटं नुसता गॅलरीत उभा होतो.

मग वेग तपासायला बसलो. १/५०० सेकंदावर ठीक, १/१२५ ठीक, १/३० ठीक. एक सेकंदावर ठेवून दाबलं, पाती उघडली आणि तशीच राहिली. अर्धा मिनिट. मी टिचकी मारली तेव्हा मिटली.

म्हणजे शटर खरंच अडकलेलं आहे. त्याने न बघता ठोकून दिलेली थाप खरी निघाली!

आजीचं फडताळ

आई गं. आता?

श्वाबेनची सून

मग आता 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून तक्रार करून परत का नाही करत? लिस्टिंगमध्ये तर सगळे स्पीड चालतात लिहिलं होतं ना.

वऱ्हाडी वकील

नाही जमायचं. सोमवारचा चॅट आठवा. शटर अडकलंय, स्लो स्पीड चालत नाहीत, असं त्याने लेखी कळवलं होतं, आणि आमच्या अशिलाने काकांच्या सल्ल्याने लेखी उत्तर दिलं होतं की शटर अडकलेलं असलं तरी ठरलेल्या किमतीला घ्यायला मी तयार आहे.

बझीवाला

🙈

फिल्मवेडा

परत करायचाच नाहीये मला काका, तोंड लपवू नका. पेठेत एक जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडे टाकलाय, ग्रीस साफ करून तेलपाणी करायचे १,८०० म्हणाले. म्हणजे ९,५०० ला पडला. उजेड मोजायच्या मीटरचा सेल पाऱ्याचा होता तो आता मिळत नाही, त्याचं वेगळं बघायचंय.

पहिला रोल आणून ठेवलाय, १२ पैकी एक फोटो त्या खोक्याचा काढणार आहे. फीडबॅक अजून दिलेला नाही, मुदत बुधवारपर्यंत आहे, काय लिहू सुचवा.

तिरकस

लिही, 'विक्रेता अत्यंत प्रामाणिक, शटर अडकलंय म्हणाला, अडकलेलंच निघालं.'

फिल्मवेडा

हेच टाकलं.